शिडी असू द्यावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा खोगिरे आणि लगाम शिवण्याचा, राहणार ओढ्याकडचे शेवटचे घर, वरची खोली, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या भीतीनेही नव्हे, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवते. नजर अधू झाली आहे, हात अजून स्थिर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांना शिडी चढवेना, म्हणून मीच खाली उतरले आणि त्यांनी मला गोठ्यात तपासले. बुद्धी ठीक आहे असे त्यांनी लिहिले आहे. गुडघ्यांबद्दल काही लिहिलेले नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. का केले नाही, ते दुसऱ्या कलमात येईल.

१. घर. हे घर दगडी आहे. खाली गोठा, त्याला खिडकी नाही. वर एकच खोली. खोलीचे दार बाहेरच्या भिंतीत, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर आहे आणि त्याला जिना नाही. शिडी लावून चढायचे. पूर्वी नदीच्या दोन्ही काठांना सगळी घरे अशीच होती, कारण या काठचे लोक त्या काठची गुरे पळवत, त्या काठचे या काठची, आणि राजधानीला दोन्ही काठांशी देणेघेणे नव्हते. अंधारून आले की गुरे आत, माणसे वर, आणि शिडी ओढून घ्यायची.

शिडीचा नियम एकच होता. घरातले कोणी बाहेर असेल तर ती ओढायची नाही. बाहेर जाणारा खालून म्हणायचा, "शिडी असू दे." मग घरातल्या एकाने दारात बसायचे. शेवटचा माणूस वर आला की तो म्हणायचा, "घे वर." लहानपणी आम्हाला बाकी कसलेच वळण लावले गेले नाही. एवढे मात्र बोलता येण्याआधी कळत होते.

आम्ही चोर होतो. सरकारी कागदांत आम्हाला टोळी म्हटले आहे, ते चूक नाही. माझ्या भाच्याला हे गोड करून सांगायची सवय आहे, शूर पूर्वज वगैरे, म्हणून मी येथे स्पष्ट लिहीत आहे. माझ्या वडिलांनी गुरे चोरली, माणसे मारली. ते घरी फार हळू आवाजात बोलत.

२. घराचा निम्मा हिस्सा. आम्हाला परत येऊन राहायची मोकळीक मिळाल्यावर सरकारने घर आम्हा भावंडांच्या नावे करून दिले. धाकट्या बहिणीने तिचा हक्क आधीच सोडला होता. म्हणजे निम्मे माझे, निम्मे माझ्या मोठ्या भावाचे, ज्याला मी पुढे दादा म्हणेन.

मी अकरा वर्षांची असताना सरकारने सीमा साफ करायची ठरवली. पुलाच्या भिंतीवर आधी एक हुकूम लागला. जे आपले घोडे चौकीवर आणून देतील त्यांना हात लावला जाणार नाही. थोड्या दिवसांनी शेजारी दुसरा लागला. आमच्या घराण्यांतला कोणीही पुरुष घोड्यासह सापडला तर त्याला चौकशीशिवाय जागेवर फाशी. दुसरा लावणाऱ्याने पहिला काढला नाही. लोक दोन्ही वाचत आणि आपल्याला हवा तो खरा धरत.

वडिलांनी पहिला खरा धरला. त्यांचा पाय मोडलेला होता, म्हणून आमचे दोन घोडे घेऊन दादा निघाला. तो एकोणीस वर्षांचा होता. शिडी उतरला, घोड्यांच्या पोटाखालचे खोगिरांचे तंग ओढून पाहिले, आणि वर न बघता म्हणाला, "शिडी असू दे. येतो."

तो गेला आणि दुपारून धुके आले. आई दारात बसली. नदीच्या बाजूने घोडे येताहेत असे वाटले तेव्हा वडील अंथरुणावरून म्हणाले, "ओढ."

"पोरगा बाहेर आहे," आई म्हणाली.

"फार घोडे आहेत. आपले दोनच होते."

"पोरगा बाहेर आहे."

वडिलांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांना जबरदस्ती करता आली असती, मोडक्या पायाने सरपटत येऊन शिडी ओढताही आली असती. पण ते याच नियमात वाढले होते. धुक्यात कोणीतरी चढू लागले. वरून तिसरी पायरी आमची कायम सैल असायची. आई वाकून म्हणाली, "जपून रे, तिसरी हलते."

वर आला तो शिपाई होता. त्याच्या मागून बाकीचे आले.

वडिलांना पुलाच्या कठड्याला फाशी दिली. पुलावर आमच्या माणसांची रांग होती. आई रांगेतल्या प्रत्येकाच्या पायांशी थांबून वर पाहत गेली. दादा त्यांत नव्हता. चौकीवर त्या दिवशी घोडे घेऊन आलेल्यांनाही सोडले नाही आणि त्यांना नावे कोणी विचारली नाहीत. त्यांतले काही नदीत उड्या मारून पलीकडे गेले, असेही नंतर ऐकू आले. याहून जास्त आजवर कोणाला माहीत नाही. घरांची छपरे जाळली, उरलेल्यांना दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगवले. मी आणि बहीण अनाथालयात गेलो. आईला तिची वाट धरायला सांगितले तर ती गोठ्यात जाऊन बसली. सैनिक शिडीही घेऊन गेले होते. छपरातल्या जळक्या वाशांतून तिने दुसरी केली.

मी सज्ञान होऊन परत आले तेव्हा शिडी लावलेली होती आणि आई दारात होती. ती मला म्हणाली, "तू आलीस, बरं झालं. आता पाळी बदलता येईल." ती असेपर्यंत आम्ही आळीपाळीने बसलो. नंतर पाळी बदलायला कोणी राहिले नाही.

आता कायद्याचे. तालुक्याच्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, म्हणजे मला मुलगी असती तर. त्या म्हणाल्या, "आजी, इतकी वर्षं पत्ता नसलेला माणूस कायद्याने मृत धरता येतो. एक अर्ज करायचा. मग सगळं घर तुमच्या नावावर, तुम्ही हवं त्याला द्या."

"धरता येतो म्हणजे धरलाच पाहिजे असं आहे का?"

"तसं नाही. पण नाही केलात तर अर्धं घर लटकत राहील. तुमच्यानंतर कुणाला धड विकताही येणार नाही, राहताही येणार नाही. शेवटी सरकारजमा होईल."

"अर्जात काय लिहायचं?"

"शेवटचे कधी दिसले, काय बोलले, वगैरे."

"येतो म्हणाला."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "सगळेच तसं म्हणतात, आजी."

"म्हणून तर शिडी ठेवावी लागते."

या अर्जासाठी मी आजवर मृत्युपत्र लांबवले. आता डॉक्टर गुडघ्यांबद्दल गप्प बसतात त्यावरून फार लांबवता येणार नाही हे दिसते. तरी मी अर्ज केलेला नाही, आणि करणार नाही. घराचा निम्मा हिस्सा दादाचा आहे. मी तो कोणाला देत नाही, कारण तो माझा नाही. सरकारने एकदा त्याला नाव न विचारता काय करायचे ते केले. आता त्याच सरकारला हवे म्हणून त्याच्या नावापुढे मी काही लिहिणार नाही. अर्धे घर लटकत राहिले तर राहू द्यावे. त्याची मला सवय आहे.

३. माझा निम्मा हिस्सा. हा मी माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलाला देते. बहीण परत आली नाही. ती शहरात राहिली आणि आपण कुठल्या हे तिने नवऱ्याला कधी सांगितले नाही. मुलाला मात्र मरताना सांगितले, आणि तेव्हापासून त्याला या घराचे वेड लागले.

भाचा वाईट नाही. वर्षातून एकदा येतो, गाडीतूनच हॉर्न वाजवतो, मग आठवण होऊन उतरतो. त्याला येथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. दारावर पाटी लावायची आहे, "दरोडेखोरांच्या घरी मुक्काम". मला वाटले थट्टा करतो, पण त्याने पाटीचा नमुना आणला होता.

"मावशी, आधी एक लोखंडी जिना लावू या. तुझ्यासाठीच म्हणतोय. या वयात शिडी?"

"जिना ओढून घेता येत नाही."

"पण तू तरी कुठे ओढतेस?"

मी चहा ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा आता ऐंशीच्या वर असता गं."

"मग हळू चढेल."

भाच्याने गोठ्याचे काय करायचे ते करावे. पाटी लावायची तर लावावी, मजकूर खराच आहे. वरच्या खोलीला हात लावू नये, दादा येईपर्यंत. त्याने कपाळाला हात लावला तर ते मला दिसणार नाही.

४. हवालदार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. हवालदार साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना मी काही देत नाही. दाराजवळची वेताची खुर्ची आणि पत्त्यांचा जोड त्यांनीच आणलेला आहे, तो त्यांचा त्यांनी न्यावा.

ते नोकरी संपल्यावर तालुक्याला राहायला आले. एके दिवशी पिशवीचा तुटलेला पट्टा घेऊन खाली उभे राहिले. मी वरून म्हटले, टोपलीत टाका, दोरीने ओढून घेते. त्यांनी टाकला. मी ओढून घेतला, कधी मिळेल ते सांगितले, तरी ते हलेनात. मग म्हणाले, "वरून तिसरी पायरी अजून सैल आहे का?"

आईचे ते वाक्य घराबाहेरच्या एकाच माणसाने, शिडीवर असलेल्याने, ऐकले होते.

त्या दिवशी मी त्यांना वर बोलावले नाही. पट्टा शिवून टोपलीतूनच दिला. ते दर महिन्याला काहीतरी तुटलेले घेऊन येऊ लागले. पुढे पुढे तुटलेले संपले असावे, कारण एकदा त्यांनी चाकूने कापलेला पट्टा आणला. चामडे तुटते कसे आणि कापलेले दिसते कसे हे मला कळते. तेव्हा मी म्हटले, "या वर. पट्टे वाया घालवू नका."

आता ते दर गुरुवारी येतात. ऐंशी वर्षांचे आहेत, प्रत्येक पायरीला एक शिवी देतात, तिसरीला देत नाहीत. आम्ही पत्ते खेळतो. ते लबाडी करतात. मी त्यांना माफ केले का, असे भाच्याने विचारले होते. हा विषय आमच्यात निघालेला नाही.

अर्जाचे त्यांच्या कानावर गेले तेव्हा मात्र ते एकदम म्हणाले, "मी लिहून देतो ना. चौकीवर तुमच्या भावाला फाशी देताना मी पाहिलं म्हणून. घराचा घोळ मिटेल."

"पाहिलंत तुम्ही?"

"मी कसा पाहीन? मी इथे होतो. या दारात."

"मग काय लिहून देणार?"

"म्हाताऱ्या शिपायाचं कोण तपासतंय?"

"पत्त्यांत लबाडी करता तेवढी पुरे."

त्यांनी पत्ते पिसले. बराच वेळ पिसत राहिले.

५. दगडी खल. हा चुलीजवळ आहे. तो नदीपलीकडच्या मोठ्या वळणावरच्या घरचा आहे आणि त्या घरी परत जावा. माझ्या वडिलांनी तो आणला. त्या घरातल्या लोकांनी वेळेवर शिडी ओढून घेतली होती, म्हणून वडिलांनी खाली गोठ्यातल्या गवताला आग लावली. वरच्यांना उतरता येईना. जे घडले ते मी लिहीत नाही, त्या घरी ते सर्वांना माहीत आहे. घाईत वडिलांनी खल उचलला आणि बत्ता राहिला. आईने जन्मभर या खलात नदीच्या गोट्याने कुटले आणि दर वेळी म्हणाली, "अर्धीच चोरी केली यांनी."

मागच्या वर्षी मी त्या घरच्या सुनेला बाजारात गाठले. ती माझ्याहून तरुण आहे. मी म्हटले, तुमचा खल माझ्याकडे आहे. ती मला न्याहाळत राहिली. "तुम्ही ओढ्याकडच्या," ती म्हणाली. मी हो म्हटले.

"बत्ता आहे आमच्याकडे. आजेसासूबाई फेकू देत नव्हत्या. म्हणायच्या, खल कुठे आहे ते माहीत आहे."

"पोचवते."

"मेल्यावर पोचवा," ती म्हणाली. "तोवर तुम्हाला लागेल."

हे ती रागाने म्हणाली की कसे, ते मला ठरवता आले नाही. खल पोचवताना भाच्याने स्वतः जावे, निरोप म्हणून काही बोलू नये, आणि गाडीचा हॉर्न वाजवू नये.

६. हत्यारे. दाभणे, कातडे कापायची रापी, आऱ्या, मेणाचा गोळा, कातडे धरून ठेवणारी शिवणाची घोडी, आणि खिडकीजवळचे कमावलेले कातडे हे सर्व तालुक्यात पिशव्या शिवणाऱ्या बाईला द्यावे. तिच्या शिवणीत अंतर सारखे नसते, हे मी तिला तोंडावर सांगितले आहे. रापीची मूठ माझ्या हाताची झिजली आहे. तिला ती चार महिने बोचेल, मग बोचणार नाही. ती काढून नवी मूठ बसवू नये.

७. गिरणीवाला. आमची घरे सैन्याला दाखवत हिंडला तो याचा बाप. आमचे कुरण त्याला मिळाले ते त्याबद्दल. गिरणीवाला स्वतः तेव्हा पाळण्यात होता, हे मला कबूल आहे. तो मला रस्त्यात नमस्कार करतो आणि मी त्याच्या टोपीकडे पाहते. त्याला काही नाही. मी गेल्यावर त्याला यायचे असेल तर यावे, शिडीखाली उभे राहावे. पट्ट्यांना हात लावू नये. पट्टे कोणते ते पुढे आहे.

एक भर घालते. दोन हिवाळ्यांपूर्वी मी तापाने पडले तेव्हा कोणीतरी रोज टोपलीत भाकरी ठेवून जात होते. हवालदार नव्हते, त्यांनी शपथेवर सांगितले. पिठावरून मला संशय आहे. तरीही वरचे कायम.

८. खोगीर. एक जुन्या घाटाचे खोगीर खोलीत तुळईला टांगलेले आहे. ते मी दादासाठी केले. दर हिवाळ्यात तेल लावते. येथे आता कोणी घोडा ठेवत नाही, माझ्याकडे येतात ते शर्यतीवाले आणि हौशी लोक. त्यांतल्या एकाने मला एकदा लग्नाचे विचारले होते. खोगिरांचा व्यापारी होता, मोठ्या गावचा, मान खाली घालून बोलणारा. मी दोन दिवस विचार केला. येथे दारात कोण बसेल, हे त्याला विचारण्यासारखे नव्हते. तो पुन्हा आला नाही, पण माल घेत राहिला. हे खोगीर त्यालाही विकले नाही. ते तेथेच राहू द्यावे. तेल भाच्याने लावावे. लावणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

९. माझे शरीर. शिडीवरून मेलेले माणूस उतरवता येत नाही. आईच्या वेळी आम्ही ते करून पाहिले आणि त्यात तिचे हाल झाले. म्हणून मी चार रुंद तंग, वर म्हटलेले पट्टे, शिवून खुंटीला लावून ठेवले आहेत. चादरीत बांधून त्यांवरून मला दारातून खाली सोडावे. दोघे वर, दोघे खाली पुरतात. तंग माझ्या हातचे आहेत, दुहेरी शिवण आहे, तुटणार नाहीत. पुलावर नेऊ नये. दुसऱ्या वाटेने न्यावे, लांब पडली तरी.

१०. शिडी. ही आईने केलेली शिडी नव्हे. ती कुजली, मग मी केली, तीही कुजली, ही तिसरी आहे. दर वेळी वरून तिसरी पायरी मी मुद्दाम सैल बसवली. दादाचा पाय तेथे आपोआप जपून पडायचा. पायरी घट्ट लागली तर त्याला वाटेल, घर चुकले. कोणी खिळा मारू नये.

मला खाली नेल्यावर खोली रिकामी राहील. शिडी काढून गोठ्यात ठेवू असे कोणीतरी म्हणेल, चोर येतील म्हणून. या घरात चोरांना नवीन काही नाही. दारात बसायला माणूस मागण्याचा मला अधिकार नाही आणि मी तो मागत नाही. पण शिडी ओढू नये, काढू नये, आडवी ठेवू नये. घरातले कोणी बाहेर असेल तर ती ओढायची नसते. त्या दिवसापासून आम्ही दोघे बाहेर असू.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण : वरची खोली
दिनांक : नऊ नोव्हेंबर, गुरुवार
(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला : मी टपालवाला. टपाल आजवर टोपलीत टाकत आलो, वर प्रथमच आलो. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)

साक्षीदार दुसरा : मी निवृत्त हवालदार. सही माझ्यासमोर झाली. पत्त्यांबद्दल लिहिले आहे ते मान्य नाही, बाकी सर्व बरोबर आहे. अर्ध्या घराचा हक्कदार आला नाही हे मी साक्षीदार म्हणून सांगू शकतो. तो येणार नाही हे मी सांगू शकत नाही. चालवेल तोवर दर गुरुवारी येऊन माझ्या खुर्चीत बसेन, खुर्ची सध्या आहे तेथेच, दारात राहील. आज उतरताना शिडी होती तशी ठेवली. (सही)